पहाटेचे दूध आणि बधिर बोटे

हे प्रकरण परभणी जिल्ह्यातल्या एका दूध संकलकाचे आहे. नाव-गाव मुद्दाम दिलेले नाही. दुधनेच्या किंवा पूर्णेच्या काठाने पहाटे गाडी काढणाऱ्या कुणाचेही हे प्रकरण असू शकते. वय ४२. गाडी १०० सीसीची, पुढे ड्रम ब्रेक. मागे दोन्ही अंगांना ४० लिटरचा एकेक कॅन. भरल्यावर दूध आणि कॅन मिळून नव्वद किलोच्या पुढे वजन. सव्वापाचला गावातले दूध घेऊन निघायचे. ६ किमीवर पहिली वस्ती, तिथून ७ किमीवर दुसरी, आणि मग ११ किमी सरळ शीतकरण केंद्र. सातच्या आत पोचायचे. एकूण रस्ता २४ किमी, गाडीवरचा वेळ जेमतेम अर्धा तास.

तक्रार अशी होती: शेवटच्या टप्प्यात बोटे मरतात. आधी उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट, मग डाव्या हाताची तीच दोन. केंद्रावर पोचल्यावर कॅनचे झाकण उघडायला दुसऱ्याला सांगावे लागते. दहा-पंधरा मिनिटांनी बोटांत जीव येतो तेव्हा नखांखाली अशा कळा मारतात की डोळ्यांत पाणी येते.

एवढेच असते तर हे कुणी लिहून ठेवले नसते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका पहाटे पुढे उसाची जोड-ट्रॉली होती, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. ट्रॉली दिसली वेळेवर. हात ब्रेकवर गेलाही वेळेवर. पण लिव्हर किती दाबली गेली हे बोटांना कळले नाही आणि डाव्या हाताने क्लच अर्धाच ओढला गेला. गाडी धक्के खात बंद पडली आणि ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. एका कॅनचे झाकण उडून दूध रस्त्यावर गेले. माणूस वाचला.

ताशी ५० किमी वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. गारठलेल्या बोटांनी अर्धा सेकंद उशीर केला तर ७ मीटर गेले, आणि मागे नव्वद किलोचे ओझे आहे. म्हणून हात उबदार ठेवणे ही चैनीची गोष्ट समजू नये. ब्रेकच्या केबलला तेल घालण्याइतके ते गाडीच्या देखभालीचे काम आहे.

मराठवाड्यात हा प्रश्न लोक हलक्यावर घेतात, आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. दुपारी पारा २८-३० अंशांवर असतो, माणूस शर्टावर फिरतो. पण हवा कोरडी, आकाश मोकळे. रात्री जमिनीतली ऊब सरळ वर निघून जाते. पहाटे पारा १० अंशांच्या खाली येणे परभणीला नवे नाही, आणि थंडीच्या लाटेत तो त्याहूनही बराच खाली जातो. नदीकाठचा सखल भाग, कालव्याखालचे भिजवलेले रान इथे गावापेक्षा आणखी गार लागते, हे रात्री गहू-हरभऱ्याला पाणी देणाऱ्याला सांगायला नको. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नसते, ते सूर्योदयाच्या आसपास असते. जानेवारीत परभणीला सूर्य सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे या माणसाचा शेवटचा, सर्वांत लांब टप्पा नेमका सर्वांत गार वेळेत पडतो. "अर्धा तास उशिरा निघ" हा सल्ला त्याच्या कामाचा नाही.

आधी काय काय करून झाले होते

लोकरीचे विणलेले हातमोजे होते, आठवडी बाजारातले. त्यावर दुसरा जोड चढवून पाहिला, तर हात मुठीत बसेना आणि बोटे आणखी लवकर बधिर झाली. प्लॅस्टिकची पिशवी मोज्यांवर बांधून पाहिली. वारा थांबला, पण मुठीवरून हात सटकायला लागला, तो प्रयोग दुसऱ्याच दिवशी बंद केला. थांब्यावर सायलेन्सरजवळ हात धरायची सवय लागली होती, आणि तळहातावर एक भाजल्याचा डाग होता. बधिर कातडीला चटका कळत नाही. कळतो तेव्हा फोड आलेला असतो. शेकोटीचेही तेच.

पहाटेची विडी आणि तंबाखूचा बारही होता. विडीने ऊब येते हा समज फार पक्का आहे. निकोटीनने कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि बोटांकडे जाणारे रक्त कमी होते. निघायच्या आधीची विडी म्हणजे बोटांचा रक्तपुरवठा स्वतःच्या हाताने कमी करून निघणे.

एक दिवस हात कोरडे राहिले

तीन दिवस एक साधी नोंद ठेवली: कोणत्या टप्प्यावर, किती मिनिटांनी, कोणते बोट. कसोटी म्हणून अंगठ्याचे टोक करंगळीच्या टोकाला लावायचे. थंडीने हात आखडला की ही हालचाल लवकर जाते, आणि मोजे न काढताही ती करून पाहता येते. अंगठा करंगळीला लागत नसेल तर त्या हाताने गाडी चालवू नये. इतकी सोपी रेघ आखून दिली.

पहिल्या टप्प्यात काहीच त्रास नव्हता. दुसऱ्यात उजव्या तर्जनीला मुंग्या यायला लागायच्या. तिसऱ्या टप्प्यात आठव्या-दहाव्या मिनिटाला कसोटी हुकायची. तिसऱ्या दिवशी पुतण्या सोबत होता, माप आणि कॅनचे काम त्याने केले. त्या दिवशी तेच मोजे, तीच थंडी, तोच वेग, आणि केंद्रावर पोचेपर्यंत कसोटी हुकली नाही.

फरक पाण्याचा होता. प्रत्येक थांब्यावर माप धुवायचे, नमुन्याची बाटली विसळायची, सांडलेले दूध पुसायचे. हात पँटीला पुसले न पुसले, की ओल्या हातांवर मोजे. मग ती ओल मोज्यांत मुरते आणि वारा ती उडवत राहतो. एक ग्रॅम पाणी वाळायला सुमारे २,४०० ज्यूल उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेने १०० ग्रॅम पाणी जवळपास पावणेसहा अंशांनी गार होईल. ही उष्णता बोटेच देतात, दुसरे कोण देणार? शिवाय ओली लोकर ऊब धरत नाही. मोज्याची ऊब असते ती धाग्यांमधल्या स्थिर हवेची. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की उष्णता वीस-पंचवीस पट सहज बाहेर जाते.

कोरडे बोट भोवतालच्या हवेपेक्षा गार होऊ शकत नाही, वारा कितीही असो. ओले बोट होऊ शकते. माठाचे पाणी ज्या नियमाने गार होते, त्याच नियमाने.

म्हणून पहिला उपाय मोज्यांचा निघालाच नाही. दोन सुती पंचे प्लॅस्टिकच्या पिशवीत, सीटखाली नव्हे तर अंगावरच्या खिशात. थांब्यावर मोजे काढून स्वेटरच्या आत पोटाशी खोचायचे, काम उघड्या हाताने करायचे, आणि निघायच्या आधी हात कोरडे करायचे: बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, मनगट. एका पंच्याने एकच थांबा. ओला पंचा दुसऱ्या थांब्यावर वापरला तर तो ओल पुसत नाही, नुसती पसरवतो. याला एक मिनिट लागते, आणि साऱ्या उपायांत सर्वाधिक फरक या एका मिनिटाने पडला.

ऊब हवी असेल तर ती त्याच्या गाडीवरच होती. धारोष्ण दूध ३८ अंशांच्या आसपास निघते, आणि नुकत्याच भरलेल्या कॅनचे अंग बराच वेळ कोमट राहते. झाकण घट्ट लावून कोरडे तळहात कॅनच्या बाहेरच्या अंगाला मिनिटभर धरले की पुरे. भाजण्याची भीती नाही, दुधाला हात लागत नाही.

वाऱ्याचा हिशोब

२००१ साली कॅनडा आणि अमेरिकेने वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीचे नवे सूत्र स्वीकारले. त्यात ८ अंशांची हवा घातली तर ताशी २० किमी वाऱ्यात ती साधारण ५ अंशांसारखी लागते, ४० किमीला ३ अंशांसारखी, ६० किमीला २ अंशांसारखी. हवा ६ अंशांवर असेल तर ५० किमी वेगाला जवळपास शून्य. हे सूत्र चेहऱ्याच्या उघड्या कातडीसाठी आहे आणि त्यातला वारा १० मीटर उंचीवरचा धरलेला आहे, त्यामुळे हँडलवरच्या हाताला हे आकडे तंतोतंत लागू नाहीत. प्रत्यक्षात हात त्याहून थोडा जास्तच गारठतो, कारण वारा थेट येतो. पण आकड्यांचा कल पाहा. २० वरून ४० ला जाताना दोन अंशांची घट, ४० वरून ६० ला जाताना एकाच अंशाची. म्हणजे वेग पन्नासवरून चाळीसवर आणल्याने हातांना काही मिळत नाही. उलट २४ किमीला २९ मिनिटांऐवजी ३६ मिनिटे लागतात. अंधारात, ओझे घेऊन हळू चालवावे ते ब्रेकसाठी. हातांसाठी वारा अडवावा लागतो.

विणलेला मोजा वारा अडवत नाही. अंगणात उभे राहिले की उबदार वाटतो, गाडीवर चाळणी होतो. आणि दोन जोड चढवले तेव्हा झाले असे की आतला मोजा बोटांना आवळून बसला. आवळलेल्या बोटात रक्त कमी जाते आणि मोज्यातली हवाही दाबली जाते, म्हणजे दोन्ही बाजूंनी तोटा.

बदल असा केला. आत पातळ निट्राइलचे हातमोजे, दवाखान्यात वापरतात ते, सैल मापाचे. पूर्ण कोरड्या हातावर घालायचे. यांची स्वतःची ऊब काहीच नाही, पण अर्ध्या तासात हाताला सुटणारा दमटपणा बाहेरच्या मोज्यात मुरू देत नाहीत. बाहेर वारा न शिरणाऱ्या कापडाचा, आत अस्तर असलेला दुचाकीचा मोजा. नेहमीच्या मापापेक्षा एक माप मोठा. माप पाहायची रीत: मोजा घालून मूठ करायची, बोटांच्या टोकाशी अर्धा सेंटीमीटर जागा राहिली पाहिजे आणि पंजाच्या पाठीवर कापड ताणले जाता कामा नये. मग गाडीवर बसून इंडिकेटर, डिपर, हॉर्न तिन्ही न बघता दाबता आले पाहिजेत. दुकानात एवढे करू देत नसतील तर दुसरे दुकान गाठावे. चामडी मोजा वारा छान अडवतो, पण भिजला की जड होतो आणि लवकर वाळत नाही. दुधाच्या धंद्यात तो नको.

मनगट विसरू नये. तिथे रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी जवळून जातात, आणि बाहीच्या तोंडातून शिरलेला वारा कोपरापर्यंत जातो. मोज्याची बाही लांब असेल तर ती स्वेटरच्या वरून घ्यायची. आखूड असेल तर जुन्या सॉक्सचा पाय कापून उरलेली नळी मनगटावर चढवली तरी काम होते, फक्त तिचे इलॅस्टिक घट्ट नको.

दोन बोटेच का?

आधी तर्जनी आणि मधले बोटच का जायचे, याचे उत्तर गाडीवर बसवून पाहिल्यावर मिळाले. रस्ता खड्ड्यांचा, अंधारात ट्रॉल्या आणि बैलगाड्या. म्हणून दोन बोटे कायम लिव्हरवर ठेवायची सवय. सवय चांगली आहे, मोडू नये. पण लिव्हर अ‍ॅल्युमिनियमची, रात्रभर उघड्यावर गारठलेली, आणि ती रबरापेक्षा शेकडो पट वेगाने उष्णता ओढते. मुठीवरची बोटे रबरावर असतात, लिव्हरवरची दोन धातूवर. धातू मोज्यातून सुद्धा ओढतो, कारण पकडीत मोज्याचे अस्तर दबून पातळ होते.

उपाय पंक्चरच्या दुकानात मिळतो: सायकलच्या जुन्या ट्यूबचा १२-१३ सेंमीचा तुकडा. साबणाच्या पाण्याने ओला करून लिव्हरच्या गोल टोकावरून आत सरकवायचा. वाळला की घट्ट बसतो. दोनच गोष्टी पाहायच्या. तुकडा लिव्हरच्या बिजागरीपर्यंत जाऊ देऊ नये, नाहीतर लिव्हर परत येताना अडते. आणि बसवल्यावर क्लचची ढील परत मोजावी. लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिमी मोकळी हालचाल हवी.

बाजारात मिळणारे जाड फोमचे ग्रिप कव्हर मात्र घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. ते दव पितात, मूठ इतकी जाड करतात की मोज्यासकट बोटे पुरी वळत नाहीत, आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या बाजूला सैल झाले की मूठ फिरवली तरी नुसते कव्हर फिरते.

रेक्झीनच्या कव्हरने केलेला घोटाळा

वारा अडवण्यासाठी दुसऱ्या आठवड्यात हँडलची रेक्झीनची कव्हरे आणली, दोन्ही मुठींवर पिशवीसारखी चढतात ती. ऊब जबरदस्त. पहिल्या दिवशी तर मोज्यांची गरज वाटली नाही. चौथ्या दिवशी गाडी ओढायला जड वाटू लागली, आणि केंद्रावर पोचल्यावर पुढच्या चाकाच्या ड्रमला हात लावला तर तो चांगलाच तापलेला. मागून येणाऱ्याने सांगितले की ब्रेकचा दिवा सतत लागलेला आहे.

कारण सरळ होते. पन्नासच्या वेगात वारा कव्हरची पुढची बाजू आत ढकलतो, मऊ रेक्झीन लिव्हरवर टेकते आणि ब्रेक हलकासा लागून राहतो. मोठ्या ब्रेकला लागणारा जोर यात नसतो, पण लायनर घासत राहतात, ड्रम तापतो, पेट्रोल जास्त जाते, आणि दिवा कायम लागल्याने मागच्याला खरा ब्रेक कळत नाही. क्लचच्या बाजूला हेच झाले तर क्लच प्लेटा घासतात.

दुसरा धोका हात बाहेर येण्याचा. गाडी घसरली तर हात हँडलपासून आपोआप सुटला पाहिजे. अरुंद तोंडाच्या किंवा नाडी आवळलेल्या कव्हरात तो अडकतो. तिसरा धोका फार लोकांच्या लक्षात येत नाही: हँडल पूर्ण वळवल्यावर कव्हर टाकीला टेकून अ‍ॅक्सिलरेटर ओढते. हे तपासायला गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांना वळवायचे आणि इंजिनचा आवाज ऐकायचा. आवाज जराही चढला तर ते कव्हर त्या गाडीवर चालवू नये.

कव्हर टाकून दिले नाही, सुधारले. पुढच्या बाजूला आतून जाड जीआय तारेची कमान शिवून घेतली, तिची दोन्ही टोके आत वळवून त्यावर ट्यूबची टोपी. लिव्हर पूर्ण सुटलेली असताना कमान आणि लिव्हर यांत ३ सेंमी अंतर. तोंडाची नाडी काढून टाकली आणि तोंड इतके रुंद केले की मोजा घातलेला हात न अडकता आत-बाहेर होईल. तरीही गावातून निघताना, बाजाराच्या गर्दीत आणि दिवसा त्यांची गरज नाही. तिथे बटणे न दिसण्याचा तोटाच जास्त.

तेलाच्या कॅनचे हँडगार्ड

शेवटी जे टिकले ते हेच, म्हणून ते सविस्तर देतो. खाण्याच्या तेलाचा ५ लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन घ्यायचा, जाड आणि थोडा लवचीक. अ‍ॅक्रिलिक किंवा कडक पत्र्यासारखे प्लॅस्टिक नको. पडल्यावर त्याची धारदार फाक होते. कॅन साबणाने, गरम पाण्याने धुवून त्यातून दोन तुकडे कापायचे, प्रत्येकी सुमारे २२ सेंमी रुंद आणि १८ सेंमी उंच, कॅनचा गोल कोपरा मध्ये येईल असे. ती गोलाई हाताभोवती वारा वळवते आणि तुकड्याला ताकदही देते. कोपरे गोल कापायचे आणि साऱ्या कडांवर उभी चिरलेली सायकलची ट्यूब बसवायची.

पकडीसाठी २५ मिमी रुंद, ३ मिमी जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. तिचे एक टोक आरशाच्या दांड्याखाली अडकवायचे. आरशाचा लॉकनट सहसा १३ किंवा १४ च्या पान्याने सुटतो. यामाहाच्या काही गाड्यांत उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, तिथे जोर लावून आटे खराब करू नयेत. पट्टीला आरशाच्या बोल्टच्या मापाचे भोक पाडायचे, पुढे आणून हाताच्या आकारात वाकवायची. प्लॅस्टिकचा तुकडा पट्टीला ६ मिमीच्या दोन बोल्टांनी, दोन्ही बाजूंना मोठे वायसर आणि लॉकनट लावून बसवायचा. बोल्टचे टोक हाताच्या बाजूला नको, डोके हाताकडे ठेवायचे.

एका जागी धरलेले गार्ड वाऱ्याने आरशाभोवती फिरते आणि लिव्हरवर येऊन बसते, म्हणजे रेक्झीनचाच घोटाळा परत. म्हणून दुसरी पकड हवीच: पट्टीच्या आतल्या टोकाला हँडलच्या नळीवर क्लिप, खाली ट्यूबचा तुकडा ठेवून. क्लिपखाली केबल किंवा वायर दाबली जात नाही ना, हे बोटाने चाचपून पाहायचे. गार्डची वरची कड बोटांच्या पेरांपेक्षा ५ सेंमी वर, आणि लिव्हर सुटलेली असताना गार्ड तिच्यापासून किमान ३ सेंमी पुढे. हेडलाइट आणि इंडिकेटर झाकले जाऊ नयेत. बाहेरच्या अंगावर पांढरी रिफ्लेक्टर पट्टी चिकटवली. समोरून येणाऱ्याला त्याने गाडीची रुंदी कळते.

सगळे झाल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून तीच आवाजाची चाचणी, आणि मूठ सोडल्यावर अ‍ॅक्सिलरेटर टकदिशी परत येतो ना, हे पाहायचे.

छाती गार, तर बोटे गार

शरीर आधी पोटातले आणि छातीतले अवयव सांभाळते. अंग गारठायला लागले की ते सर्वांत आधी बोटांचे रक्त कमी करते. म्हणून हातांवर कितीही खर्च केला आणि छातीवर एकच स्वेटर असला, तर बोटे गारच. विणलेल्या स्वेटरमधूनही वारा शिरतो. स्वेटरच्या वर वारा न शिरणारे जर्किन हवे. पावसाळ्यातला रेनकोटचा शर्टसुद्धा चालतो. तेही नसेल तर वर्तमानपत्राची चार-पाच पाने पसरून स्वेटर आणि शर्टाच्या मध्ये, छातीपासून पोटापर्यंत. जुनी युक्ती आहे आणि पक्की आहे. रोज नवे पान घ्यावे, दमट झालेला कागद काम करत नाही. गळ्याला मफलर, पण त्याची टोके जर्किनच्या आत. हेल्मेटखाली कानटोपी घालायची तर पातळ घालावी, जाडीने हेल्मेट सैल किंवा तिरके बसता कामा नये.

निघायच्या आधी उपाशीपोटी चहावर भागवण्यापेक्षा अर्धी भाकरी खाल्लेली बरी. अंगात ऊब तयार होते ती खाल्लेल्यातून.

विजेवर तापणाऱ्या मुठींचे काय?

या गाडीवर बसवल्या नाहीत. जोडी पूर्ण आचेवर साधारण ३० ते ५० वॅट ओढते, म्हणजे १२ व्होल्टला अडीच ते चार अँपिअर. १०० सीसीच्या गाड्यांत बॅटरी साधारण ३ अँपिअर-अवरची असते आणि २०१७ पासूनच्या गाड्यांचा हेडलाइट कायम चालू असतो. चार्जिंग कमी पडले तर तासाभरात बॅटरी बसते. मोठ्या इंजिनच्या गाडीवर बसवायच्या असतील तर मल्टिमीटर लावून पाहावे: चालण्याच्या वेगाला, हेडलाइट आणि मुठी चालू असताना बॅटरीवर १३ व्होल्टच्या खाली आकडा जात असेल तर विचार सोडावा. जोडणी चावीनंतरच्या रिलेमधून आणि ५ अँपिअरच्या फ्यूजसह हवी, थेट बॅटरीवर नको. उजव्या मुठीच्या वायरला मूठ फिरेल इतकी ढील द्यावी, ताणली तर ती अ‍ॅक्सिलरेटर अडवते.

थंडी नसलेला बधिरपणा

नोंदीतून एक गोष्ट मागे उरली. फेब्रुवारीच्या तोंडाला, पारा १५ च्या वर गेल्यावरही, त्याच्या डाव्या हाताच्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला रात्री झोपेत मुंग्या येत होत्या. हे थंडीचे लक्षण नाही. मनगटातून बोटांकडे जाणारा मज्जातंतू (मीडियन नर्व्ह) दाबला जाण्याचे ते ओळखीचे लक्षण आहे. जड क्लच, आवळून धरलेली मूठ आणि गाडीची थरथर त्याला कारण होऊ शकतात. क्लच केबल बदलली, तेल घातले, लिव्हरचा कोन थोडा खाली केला म्हणजे मनगट सरळ राहते. तरी मुंग्या राहिल्या, म्हणून डॉक्टरकडे पाठवले.

बोटे थंडीत आधी पांढरीफट्ट, मग निळी, मग लाल होत असतील, थंडी सरली तरी बोटांवर लाल, खाजणाऱ्या, दुखऱ्या गाठी राहत असतील, मधुमेह असेल, किंवा रक्तदाबावर बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल, तर मोजे बदलत बसण्याआधी तपासून घ्यावे. ही गोळी हातपाय गार पाडते, पण ती स्वतःच्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे.

बधिर झालेल्या हातात जीव आणायचा तो कोमट पाण्यात किंवा काखेत धरून. पाण्याचा अंदाज कोपराने किंवा दुसऱ्याच्या हाताने घ्यावा, बधिर बोटाने नाही. चोळू नये.

पुढचे तीन आठवडे

कोरडे हात, निट्राइलवर वारा न शिरणारे मोजे, लिव्हरवर ट्यूब, छातीवर जर्किन आणि पुढे गार्ड. हे सगळे एकत्र लागल्यावर शेवटच्या टप्प्यात करंगळीची कसोटी हुकली ती एकदाच. त्या दिवशी कालव्याकाठी दाट धुके होते आणि मोजे बाहेरून भिजले. तेव्हापासून कोरड्या मोज्यांचा एक जुना जोड जर्किनच्या आतल्या खिशात असतो, आणि धुक्याच्या दिवशी तो दुसऱ्या वस्तीवर बदलला जातो. रेक्झीनची कव्हरे फक्त थंडीच्या लाटेत चढतात. गार्ड कायम राहिले. आरशाखालचा नट मात्र दर आठ-पंधरा दिवसांनी पाना लावून पाहावा लागतो. वस्तीकडच्या कच्च्या रस्त्याने तो ढिला होतोच.